झेड-ओएस बदलताना लायसन्सचं बिल कसं उतरवायचं?

प्रश्न असा आहे: "आमच्याकडे आयबीएमचं एक झेड-१४ मेनफ्रेम मशीन आहे. त्यावर झेड-ओएस २.५ ही ऑपरेटिंग सिस्टम, व्यवहार चालवणारं सीआयसीएस, डीबी-टू हा डेटाबेस आणि चाळीस वर्षांचं कोबोल आहे. २.५ चा सपोर्ट सप्टेंबर २०२६ मध्ये संपतो. वरून एकाच बैठकीत दोन आदेश आले: ऑपरेटिंग सिस्टम नवी करा, आणि सॉफ्टवेअरचं बिल निदान पाचव्या हिश्शाने खाली आणा. मी सिस्टम प्रोग्रॅमर आहे, करार करणारा माणूस नाही. सुरुवात कुठून करू?"

इन्स्टॉलेशनपासून करू नका. विक्रेत्याला फोन लावून तर मुळीच करू नका. मागच्या तेरा महिन्यांचे एससीआरटी रिपोर्ट (दर महिन्याचा वापर मोजून आयबीएमला पाठवतात ते) काढा आणि ते वाचायला स्वतःला दोन दिवस द्या. मी वायटूकेच्या लाटेत पुण्यातून या क्षेत्रात आलो. आधी कोबोलची देखभाल केली, मग सिस्टमकडे वळलो, आणि ग्राहक बहुतेक परदेशातले. इतक्या वर्षांत मी एक चूक सगळीकडे पाहिली. बिल खरेदी विभाग बघतो आणि मशीन सिस्टमवाले बघतात. बिलातला आकडा मशीनवर नेमका कशामुळे तयार झाला, हे दोघांपैकी कोणीच एका टेबलावर बसून बघत नाही. ते तुम्ही बघू शकता, आणि तुमच्या जागी बसलेला माणूसच ते नीट बघू शकतो.

आधी आवृत्तीचा प्रश्न संपवू, तो सोपा आहे. झेड-१४ वर तुम्हाला ३.१ पर्यंतच जाता येईल, कारण ३.२ ला किमान झेड-१५ लागतं. २.५ वरून थेट ३.१ वर जाता येतं, मध्ये थांबा नाही. मशीन येत्या वर्ष-दोन वर्षांत बदलणार असेल तर ते आत्ताच विचारून घ्या, नाहीतर दोन वर्षांत दोनदा तीच कसरत होईल. "जुन्यावरच राहू, वाढीव सपोर्ट विकत घेऊ" असं कोणी म्हणालं तर त्याला त्याची किंमत लिहून मागा. त्या पैशातून हाती काहीही नवं येत नाही.

आता बिल. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायचं जाहीर केलं, तेव्हापासून हा हिशेब अधिकाधिक गुंतागुंतीचा होत गेला आहे. तुमच्या बिलाचा मोठा भाग म्हणजे एमएलसी, दर महिन्याचं भाडं. झेड-ओएस, सीआयसीएस, डीबी-टू, एमक्यू (प्रोग्रॅममधले निरोप पोचवणारं), आयएमएस (जुना डेटाबेस) आणि कोबोल कंपायलर ही मंडळी साधारण त्यात येतात. हे भाडं महिनाभरात एकूण किती काम झालं यावर ठरत नाही. दर तासाला मागच्या चार तासांची सरासरी काढली जाते, प्रोसेसरचा वापर मोजणाऱ्या एमएसयू या मापात, आणि महिन्यातली सगळ्यात उंच सरासरी बिलाला लागते. महिना मोजायचा तो दोन तारखेपासून पुढच्या एक तारखेपर्यंत. रिपोर्ट नऊ तारखेच्या आत पाठवायचा. तो गेला नाही तर पूर्ण क्षमतेचं बिल येऊ शकतं, म्हणून ते काम एकाच माणसाच्या कॅलेंडरवर अवलंबून ठेवू नका.

उदाहरण घेऊ. समजा सकाळी आठपासून दर तासाचा वापर ३००, ५००, ७००, ७००, ५००, ३०० एमएसयू असा आहे. आठ ते बाराची सरासरी ५५०, नऊ ते एकची ६००, दहा ते दोनची पुन्हा ५५०. तुमचं बिल ६०० वर. आता दहा ते बारा चालणारा १०० एमएसयूचा एखादा रिपोर्टचा जॉब दुपारी तीननंतर ढकलला, तर दहा आणि अकराचे तास ६०० वर येतात आणि सगळ्यात उंच सरासरी ५५० होते. काम तेवढंच झालं, एकही ओळ बदलली नाही, आणि त्या महिन्याचं बिल ५० एमएसयूने उतरलं. हे शिखर महिन्यातून बहुधा एक-दोन दिवसच येतं. उरलेल्या अठ्ठावीस दिवसांत तुम्ही कितीही घाम गाळून ट्यूनिंग केलंत तरी बिलावर ओरखडा उठत नाही.

पण हे सगळं तुमचा करार या पद्धतीचा असेल तरच. २०१९ मध्ये आयबीएमने टेलर्ड फिट प्रायसिंग आणलं. त्यात चार तासांचं शिखर जातं आणि वर्षभरातला एकूण वापर मोजला जातो, आधीच्या वापरावरून पाया ठरवून. तुम्ही त्या करारावर असाल तर जॉब दुपारी ढकलून काडीचा फायदा नाही, तिथे सीपीयू खरोखर वाचवावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न करार हाताळणाऱ्याला हाच विचारा. मी एका टीमला सहा महिने शिखर कापताना पाहिलं आहे, आणि त्यांच्या कंपनीने त्याआधीच्या वर्षी करार बदललेला होता. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या मुलांचे शनिवार-रविवार गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

करार जुन्या पद्धतीचा असेल असं धरून पुढे जातो. तेरा महिन्यांच्या रिपोर्टमधून प्रत्येक महिन्याच्या शिखराची तारीख आणि तास एका कागदावर लिहा. मग त्या-त्या चार तासांच्या एसएमएफ ३० आणि ७२ नोंदी (सिस्टम स्वतःच्या वापराच्या ठेवते त्या) काढून कोणतं काम किती खात होतं ते मांडा. एका विमा कंपनीत आम्ही हे केलं तेव्हा शिखर जवळजवळ दर महिन्याला दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारच्या आधी येत होतं. त्या खिडकीत ऑनलाइनच्या जोडीला एक मोठा अनलोड चालायचा, पॉलिसीची सगळी टेबलं उपसून एका बाहेरच्या संस्थेला फाइल पाठवणारा. आम्ही फाइल घेणाऱ्यांना विचारलं. ते ती फाइल कित्येक वर्षं उघडतच नव्हते. जॉब बंद केला, बस. असले जॉब शोधायला कोणतंही महागडं साधन लागत नाही. प्रत्येक मोठ्या जॉबचा आउटपुट कोण वापरतं, हे पायी जाऊन विचारायची तयारी लागते.

दुसरी जागा म्हणजे टेस्ट आणि डेव्हलपमेंटचे एलपार, म्हणजे एकाच मशीनचे केलेले स्वतंत्र भाग. शिखराच्या तासाला प्रॉडक्शनवर गर्दी असतेच, पण त्याच तासाला टेस्टवर कोणीतरी पूर्ण डेटावर रीग्रेशन चालवत असतो आणि त्याची भर त्याच बेरजेत पडते. टेस्ट एलपारवर डिफाइन्ड कपॅसिटी लावा. ती मऊ मर्यादा आहे: चार तासांची सरासरी तिच्यावर गेली की डब्ल्यूएलएम (कामांचा अग्रक्रम सांभाळणारा झेड-ओएसचा भाग) त्या एलपारला आवरतो. टेस्टवर याने कोणाचं फारसं बिघडत नाही. प्रॉडक्शनवर मात्र हात आखडता ठेवा. एका ठिकाणी पैसे वाचवायच्या उत्साहात प्रॉडक्शनच्या ग्रुपवर मर्यादा खाली आणली गेली. तिमाहीच्या शेवटच्या रात्री बॅच (एकगठ्ठा चालणारी कामं) रेंगाळली, सरासरी वर चढत गेली, कॅप बसली, बॅच आणखी रेंगाळली, आणि सकाळी शाखा उघडल्या तेव्हा ऑनलाइन उभं नव्हतं. त्या एका सकाळी जे गेलं ते वर्षभराच्या बचतीने भरून निघालं नसेल. प्रॉडक्शनवर कॅप लावायचीच असेल तर आधी डब्ल्यूएलएमची पॉलिसी तपासा, म्हणजे खरंच कमी महत्त्वाचं काम आधी थांबेल. बहुतेक ठिकाणी ही पॉलिसी दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली असते आणि निम्मं काम "महत्त्व एक" मध्ये बसलेलं असतं.

तिसरी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. एखाद्या प्रॉडक्टने स्वतः किती सीपीयू खाल्ला, यावर त्याचं भाडं ठरत नाही. ते ज्या एलपारवर चालतं त्या एलपारच्या पूर्ण वापरावर ठरतं. म्हणजे प्रॉडक्शनवर कोणीतरी रात्री घाईत एक प्रोग्रॅम कंपाइल केला, तर कंपायलरच्या हिशेबात प्रॉडक्शनचा एलपार येऊ शकतो. कंपायलर प्रॉडक्शनवरून काढून टाका, लायब्ररीच तिथे ठेवू नका. एमक्यू फक्त एका छोट्या ॲप्लिकेशनसाठी मोठ्या एलपारवर असेल तर ते ॲप्लिकेशन कुठे हलवता येईल ते बघा. ३.१ साठी एलपारची मांडणी तुम्ही तसेही तपासणार आहात, तेव्हा कोणतं प्रॉडक्ट कुठे असावं हा तक्ता त्याच वेळी करा. जोडीला आयएफएपीआरडी या सेटिंगच्या मेंबरमध्ये झेड-ओएसची कोणती वैकल्पिक, पैसे पडणारी अंगं चालू आहेत ते वाचा. डीएफसॉर्टचे पैसे भरतोय आणि बाहेरच्या सॉर्टचेही, एसडीएसएफचे भरतोय आणि जॉबचे आउटपुट दाखवणाऱ्या दुसऱ्या स्पूल-दर्शकाचेही, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. आणि २.४ वर जाताना जुन्या प्रोग्रॅमसाठी कोणी आरयूसीएसए (युजर-की कॉमन मेमरी वापरू देणारी सोय) चालू केलं असेल तर तेही पैशाचं अंग आहे. युजर-की कॉमन मेमरी वापरणारा तो एक प्रोग्रॅम दुरुस्त केला की ते बंद करता येतं.

आता कोबोल. खरा सीपीयू वाचतो तो इथे, आणि तो दोन्ही प्रकारच्या करारांत उपयोगी पडतो. कोबोल ४.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्येच संपला. त्याने बनवलेले जुने लोड मॉड्यूल (कंपाइल झालेले प्रोग्रॅम) ३.१ वर चालतील, त्यामुळे ओएस बदलायला कोबोल अडवत नाही. पण ६ व्या आवृत्तीचा कंपायलर पूर्णपणे वेगळा कोड बनवतो. झेड-१४ मध्ये दशमान आकडेमोडीसाठी व्हेक्टर सूचना आल्या, आणि त्या वापरायला कंपायलरला आर्च १२ (कोड कोणत्या पिढीच्या मशीनसाठी बनवायचा ते) सांगून पुन्हा कंपाइल करावं लागतं. व्याज, प्रीमियम, शिल्लक असलं पॅक्ड-डेसिमल गणित करणाऱ्या प्रोग्रॅमना याचा चांगला फायदा होतो. सगळे हजारो प्रोग्रॅम घेऊ नका. शिखराच्या तासांत सॅम्पलिंग करून सगळ्यात जास्त सीपीयू खाणारे पंचवीस-तीस प्रोग्रॅम शोधा आणि तेवढेच आधी घ्या.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला: आर्चची पातळी तुमच्या सगळ्यात जुन्या मशीनप्रमाणे ठेवा, डीआरचं, म्हणजे आपत्तीसाठी राखून ठेवलेलं मशीन धरून. डीआर साइटवर झेड-१३ असेल (त्यावर ३.१ तर चालतच नाही) आणि २.५ वर असतानाच तुम्ही आर्च १२ ने कंपाइल केलं असेल, तर रोज सगळं छान चालेल आणि नेमकं आपत्तीच्या दिवशी प्रोग्रॅम एस-झिरो-सी-वनने, म्हणजे मशीनला न कळणाऱ्या सूचनेमुळे, कोसळतील. दुसरा: नव्या कंपायलरचे एक्झिक्युटेबल पीडीएसई या नव्या प्रकारच्या लायब्ररीतच राहतात. प्रोग्रॅम टेस्टवरून प्रॉडक्शनवर नेण्याच्या तुमच्या जुन्या प्रोसिजर जुन्या प्रकारच्या लायब्ररीवर बेतलेल्या असतील तर त्या आधी बदला. तिसरा, आणि सगळ्यात त्रासाचा: खराब डेटा. संख्येच्या रकान्यात स्पेस किंवा चुकीचे झोन-बिट असले तर जुना कंपायलर बहुतेक वेळा ते पचवून टाकायचा. नव्या कंपायलरचा कोड तीच तुलना वेगळ्या सूचनांनी करतो आणि उत्तर वेगळं येऊ शकतं. प्रोग्रॅम कोसळला तर परवडलं, चुकीचं उत्तर देऊन शांतपणे पुढे गेला तर ते महिनाभराने सापडतं. म्हणून चाचणीत नमचेक (संख्येचे रकाने तपासणारा पर्याय) लावून कंपाइल करा, जुन्या-नव्या आउटपुट फाइली बाइट-बाइट ताडून बघा, आणि डेटा साफ होईपर्यंत ६.४ मधल्या इन्व्हडेटा पर्यायाचा आधार घ्या. दोष कंपायलरचा नसतो. तो डेटा पंचवीस वर्षं तसाच पडून असतो. नव्या कंपायलरला कंपाइल करायला स्वतःला सीपीयू जास्त लागतो, हेही लक्षात ठेवा आणि मोठं कंपाइल शिखराच्या दिवशी ठेवू नका. दोन्ही कंपायलर एकत्र ठेवले तर एका वर्षानंतर दुहेरी भाडं, हा नियम पूर्वी होता. उप-क्षमतेच्या दरांत २०१७ मध्ये तो सैल झाला, त्यामुळे घाई करून सगळं एकदम हलवायची गरज नाही.

झिप, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरबद्दल थोडक्यात. झिपवर चाललेलं काम एमएसयूमध्ये धरलं जात नाही. शिवाय तुमचं मशीन लहान क्षमतेचं मॉडेल असेल तर साधे प्रोसेसर मंदावलेले असतात पण झिप पूर्ण वेगाने चालतो. जावा, डीबी-टूला नेटवर्कवरून येणाऱ्या डीडीएफ कामाचा मोठा भाग, आणि डीबी-टू युटिलिटींचा काही भाग तिथे जातो. वेब किंवा मोबाइलवरून येणारे व्यवहार कोबोलमध्ये लिहिलेल्या, डीबी-टूच्या बाहेर चालणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरला हाक मारत असतील, तर ती प्रोसिजर झिपवर जात नाही. तीच नेटिव्ह एसक्यूएल प्रोसिजर म्हणून लिहिली आणि हाक डीडीएफमधून आली तर तिला झिपचा लाभ मिळतो. आधी आरएमएफमध्ये (मशीनच्या कामगिरीच्या रिपोर्टमध्ये) एक आकडा बघा: झिपवर जाऊ शकणारं किती काम साध्या प्रोसेसरवर सांडतंय. तो मोठा असेल तर आणखी एक झिप विकत घेण्याचा हिशेब मांडा. सांडणं बंद करायला आयआयपी-ऑनर-प्रायॉरिटी हे सेटिंग "नो" करू नका. डीबी-टूची प्रीफेचसारखी आतली कामं झिपवर अवलंबून असतात, ती तुंबली तर बचतीच्या नावाखाली ऑनलाइनच मंदावतं.

मेमरीसाठी एमएसयूचं भाडं लागत नाही. मशीनमध्ये मेमरी पडून असेल तर डीबी-टूचे जास्त वापरातले बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवायच्या जागा) मोठे करा, एक एमबीच्या फ्रेमवर पेज-फिक्स करा. जुन्या व्हीसॅम (मेनफ्रेमचा एक फाइल-प्रकार) फाइली अजून मुळातल्या दोन डेटा बफरवर चालत असतील, आणि असतातच, तर सिस्टम मॅनेज्ड बफरिंग लावा. फाइल एक्स्टेंडेड फॉरमॅटमध्ये असेल तर जेसीएलमधल्या (जॉबच्या सूचनांमधल्या) एका ओळीत काही जॉबची लाखो आय-ओ (डिस्कचं वाचन-लेखन) जातात आणि त्यांच्याबरोबर सीपीयूही.

ओएस बदलाच्या प्रत्यक्ष कामावर मी फार लिहीत नाही, कारण ते काम तुम्हाला येतं. सर्व्हरपॅक (नव्या ओएसचा संच) आता पोर्टेबल सॉफ्टवेअर इन्स्टन्स म्हणून झेड-ओएसएमएफ या व्यवस्थापनाच्या साधनातून लावायचा असतो आणि मायग्रेशनची यादी वर्कफ्लोमध्ये मिळते, म्हणून झेड-ओएसएमएफ आधी नीट उभं करा. ते स्वतः जावावर चालतं, झिप नसेल तर ते साध्या प्रोसेसरवर बसेल. २.५ च्या सगळ्या सिस्टमवर सहअस्तित्वाचे पीटीएफ (जुनी-नवी आवृत्ती शेजारी चालू देणाऱ्या दुरुस्त्या) आधी लावा आणि सिस्प्लेक्समध्ये, म्हणजे जोडलेल्या सिस्टमच्या गटात, एकेक एलपार आयपीएल (नव्याने सुरू) करत जा. कुठे जेईएस-३ (जॉब घेऊन चालवणारा जुना घटक) शिल्लक असेल तर मात्र थांबा. २.५ ही ते घेऊन आलेली शेवटची आवृत्ती होती. ३.१ च्या आधी जेईएस-२ वर जायचं की फिनिक्स सॉफ्टवेअरचं जेईएस-३-प्लस घ्यायचं, हा स्वतंत्र निर्णय आहे आणि तो महिने खातो.

इतर विक्रेत्यांची सॉफ्टवेअर हा बिलाचा दुसरा मोठा भाग, आणि तिथे हिशेब बहुधा मशीनच्या पूर्ण क्षमतेवर असतो, तुमच्या शिखरावर नाही. तिथे बचत होते ती प्रॉडक्ट काढूनच. कोणतं प्रॉडक्ट खरोखर कोण वापरतं ते एसएमएफ नोंदींवरून एक तिमाहीभर मोजा आणि नूतनीकरणाच्या तारखेच्या दीड वर्ष आधी निर्णय घ्या. सिक्युरिटी प्रॉडक्ट बदलायच्या भानगडीत या प्रकल्पात पडू नका, प्रिंट किंवा स्पूलची साधनं आधी घ्या. कराराची भाषा वकिलाला दाखवा. एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीच्या मेनफ्रेमवरून बीएमसी या सॉफ्टवेअर कंपनीची प्रॉडक्ट काढून आयबीएमची बसवण्यावरून बीएमसी आणि आयबीएम यांच्यात ह्यूस्टनला खटला झाला. २०२२ मध्ये खालच्या न्यायालयाने आयबीएमला सुमारे १६० कोटी डॉलर भरायला सांगितलं आणि २०२४ मध्ये अपिलात तो निकाल उलटला. शेवटी कोण जिंकलं यापेक्षा तुम्हाला उपयोगी गोष्ट ही, की प्रॉडक्ट बदलणं ही तांत्रिक बाब म्हणून सुरू होते आणि करारातल्या एका वाक्यावर अडते. नव्या ओएसला चालणाऱ्या किमान आवृत्त्या आणि लायसन्स-की प्रत्येक विक्रेत्याकडून दोन महिने आधी लेखी घ्या. डीआर मशीनच्या की वेगळ्या मागा, त्या नेहमी राहून जातात.

"सगळं क्लाउडवर नेलं तर?" हेही तुम्हाला विचारलं जाईल. तो बहुवर्षांचा, वेगळ्या पैशांचा प्रकल्प आहे. तो केला तरी तो होईपर्यंत हे मशीन चालवायचंच आहे आणि त्याचं भाडं भरायचंच आहे, म्हणून वर लिहिलेलं काम त्याच्या वाटेत येत नाही. उलट निम्मे मेलेले जॉब आधी पुरले तर पुढे न्यायचं ओझं कमी होतं.

राहिला चाचणीचा काळ. ३.१ वर मोठ्या डेटावर लोड टेस्ट घ्यावीच लागेल आणि तिची भर बेरजेत पडेल. ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शिखर अजून ठरायचं असताना घेऊ नका. तुमचं शिखर दुसऱ्या कामाच्या दिवशी येत असेल तर ते होऊन जाऊ द्या. ते झाल्यावर त्या महिन्यात त्याच्या उंचीपर्यंतचं सगळं काम जादा भाडं न लागता होतं, मग वीस-बावीस तारखेच्या रात्री हवी तेवढी टेस्ट चालवा. फक्त एकूण सरासरी त्या उंचीच्या वर जाणार नाही एवढी डिफाइन्ड कपॅसिटी टेस्ट एलपारवर लावून ठेवा. कटओव्हरचं आयपीएल महिन्याच्या मधल्या एखाद्या रविवारी ठेवा, म्हणजे पुढचं शिखर येईपर्यंत तुमच्याकडे दोन आठवड्यांचे आकडे असतील. आणि जुन्या ओएसवरचा एक शिखराचा दिवस पूर्ण एसएमएफसकट जपून ठेवा. तीन महिन्यांनी बिल खाली आलेलं दिसलं की नेमकं कशामुळे आलं हे तुम्हाला विचारलं जाईल, आणि उत्तर त्या एका दिवसाच्या नोंदींतून द्यावं लागेल.